गार्नेटच्या पोटातले कण कसे वाचावेत

सोलापूरच्या आसपास विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असे बरेच काही सापडते, पण गार्नेट, म्हणजे सराफ ज्याला ‘तामडा’ म्हणतात ते बहुधा तांबडे खनिज, सापडत नाही. ओढ्यात मिळालेला तांबडा खडा गार्नेट समजून कोणी दाखवायला आणतो, तेव्हा तो बहुधा जास्पर किंवा अकीक निघतो. याचे कारण साधे आहे. आपल्याकडचा बेसाल्ट ज्या शिलारसापासून झाला तो उथळ जागी आणि पृष्ठभागावर गोठला, आणि कमी दाबाखाली अशा रसातून प्लॅजिओक्लेज (फेल्स्पार गटातले खनिज), पायरॉक्सीन आणि लोह-टायटॅनियमची ऑक्साइडे बाहेर पडतात. गार्नेट होण्यासाठी एकतर दाब पुष्कळ असावा लागतो, नाहीतर रसात ॲल्युमिनियम किंवा मँगनीज यांचे प्रमाण जास्त असावे लागते. म्हणूनच शिलारसातून वाढलेला गार्नेट हाती आला की त्यावरून तो रस कसा होता आणि किती खोल होता, याचा अंदाज बांधता येतो. स्फटिक वाढत असताना त्याच्या पोटात अडकलेले दुसऱ्या खनिजांचे बारीक कण या अंदाजाचा सर्वांत भक्कम आधार असतात.

गार्नेटवरून दाब ओळखता येईल ही कल्पना नवी नाही आणि परकीय भूमीवरचीही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे लुईस ली फर्मर यांनी १९१३ मध्येच गार्नेटला भूवैज्ञानिक दाबमापक म्हटले होते. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीजयुक्त गार्नेटच्या खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव देणारेही तेच. फर्मर यांचा भर गार्नेट असण्या-नसण्यावर होता. पोटातल्या कणांवरून दाब मोजण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. ते काम हौशी अभ्यासकाला किंवा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला कुठपर्यंत नेता येते आणि कुठे मोठ्या प्रयोगशाळेचा दरवाजा ठोठावावा लागतो, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

नमुना कुठून आणावा

सोलापुरात बसून गार्नेट मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्या कारागिराकडचे उरलेले तुकडे. ‘कश्मीर व्हाईट’ या नावाने विकला जाणारा पांढुरका दगड तामिळनाडूतून येतो आणि त्यातले डाळिंबाच्या दाण्यासारखे तांबडे ठिपके गार्नेटचे असतात. दुकानदार त्याला ग्रॅनाईट म्हणतो, पण तो खरे पाहता अतितापाखाली रूपांतरित झालेला खडक आहे. तरीही सरावासाठी तो उत्तम, कारण एका बाजूने तो आधीच घासून चकाकवलेला असतो. दुसरा मार्ग म्हणजे पेग्मटाइट, म्हणजे शिलारसाच्या शेवटच्या, पाण्याने समृद्ध भागातून झालेला भरड खडक. आंध्रात नेल्लोरच्या अभ्रक पट्ट्यातल्या पेग्मटाइटमध्ये गार्नेट आढळतो आणि तो शिलारसातून वाढलेल्या गार्नेटचे साधे उदाहरण म्हणून चालतो.

पैलू पाडलेला मणी मात्र घेऊ नये. सराफाकडचा ‘तामडा’ दिसायला सुंदर असतो, परंतु त्याच्याभोवतीचा खडक गेलेला असतो आणि त्याबरोबर निम्मी माहितीही गेलेली असते. त्यातही सराफी व्यवहारात शुद्ध, डागविरहित खड्याला किंमत असते. आपल्याला हवा असतो तो नेमका डागाळलेला, कोणी न घेतलेला खडा. नमुना घेताना गार्नेटभोवतीचा निदान मुठीएवढा खडक सोबत ठेवावा आणि तो कुठून आला हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

शिलारसातला की केवळ शिलारसाबरोबर आलेला

कण पाहण्याआधी हा प्रश्न सोडवावाच लागतो आणि नवशिके नेमके इथेच घाई करतात. गार्नेट असलेला खडक शिलारसापासून झाला म्हणून त्यातला गार्नेटही शिलारसातून वाढला, असे ठरत नाही. त्याच्या चार वाटा असू शकतात.

पहिली वाट सरळ आहे: रस थंड होत गेला आणि त्यातून गार्नेटचे स्फटिक सुटे वाढले. असे स्फटिक बहुधा बारा किंवा चोवीस पैलूंचे, रेखीव कडांचे असतात आणि त्यांच्या पोटात रसातूनच आधी वाढलेली खनिजे मिळतात. दुसऱ्या वाटेत गार्नेट हा खडक वितळतानाच जन्मतो: अभ्रक आणि क्वार्ट्‌झ यांची तापामुळे प्रक्रिया होऊन एकीकडे रस तयार होतो आणि दुसरीकडे गार्नेट. असा गार्नेट रसाच्या सोबतीने वाढला असला तरी त्याच्या पोटात मूळ खडकातले सिलिमनाइट, स्पिनेल, बायोटाइट असे कण राहून जातात. तिसऱ्या वाटेत तो रस वर येताना वाटेतल्या खडकातून उपटून आणलेला असतो. सोलापूरहून गुंटकलकडे जाणारी आगगाडी रायचूरवरून जाते. त्या रायचूर आणि नारायणपेठ भागात किंबरलाइट या फार खोलून वर आलेल्या शिलारसाच्या खडकाच्या नळ्या आहेत आणि किंबरलाइटमधला जांभळट-तांबडा पायरोप गार्नेट हा असाच पाहुणा असतो. तो प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात वाढला आणि किंबरलाइटने त्याला फक्त वर वाहून आणले. वाटेत रसाशी न जमल्यामुळे त्याच्या कडेभोवती बारीक, धाग्यांसारखी प्रक्रियेची किनार तयार होते. ही किनार दिसली की सावध व्हावे. चौथी वाट शुद्ध रूपांतरित गार्नेटची, ज्यात रसाचा संबंधच नसतो. तेलंगणातल्या गरीबपेट टेकडीचा प्रसिद्ध गार्नेट या वर्गातला आहे. प्राचीन काळी तो समुद्रमार्गे पार युरोपपर्यंत गेला, पण शिलारसाबद्दल त्याला विचारण्यात अर्थ नाही.

ही निवड करताना रासायनिक पृथक्करण हाती असेल तर काम सोपे होते. रूपांतरित गार्नेटमध्ये मँगनीज सामान्यतः गाभ्यात जास्त आणि कडेला कमी असते, कारण वाढीच्या सुरुवातीलाच गार्नेट ते ओढून घेतो. ग्रॅनाईटी रसात वाढलेल्या गार्नेटमध्ये अनेकदा उलट दिसते, म्हणजे कडेकडे मँगनीज वाढत जाते, कारण उरलेला रस मँगनीजने समृद्ध होत जातो. हा नियम डोळे झाकून वापरू नये: स्फटिकाची कड पुन्हा विरघळली तरी कडेला मँगनीज साचते, आणि सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिलेल्या गार्नेटमध्ये विसरणामुळे, म्हणजे अणू हळूहळू पसरल्यामुळे, हे चढउतार पुसले जातात.

भिंग, तेल आणि दोन ध्रुवक

पहिली पाहणी घरी होते. दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, मोबाइलची बॅटरी, काचेची वाटी आणि लवंगेचे तेल किंवा ग्लिसरीन एवढे पुरे. गार्नेटचा प्रणमनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचे माप) प्रकाराप्रमाणे १.७१ ते १.८९ इतका मोठा असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग प्रकाश परतवतो आणि आतले काही दिसू देत नाही. कण तेलात बुडवला की ही चमक बरीच कमी होते. तेलाचा प्रणमनांक जवळपास १.५३ आहे, म्हणजे गार्नेट पूर्ण अदृश्य होणार नाही, पण आतले ठिपके, सुया आणि भेगा स्पष्ट होतील. गडद तांबडा अल्मंडाइन (लोहयुक्त गार्नेट) जाड असेल तर प्रकाश आरपार जात नाही. अशा वेळी बळेच तेज दिवा लावण्यापेक्षा पातळ चिप काढावी.

पुढची पायरी फार आनंदाची आहे. जुन्या कॅल्क्युलेटरच्या किंवा बिघडलेल्या पडद्याच्या ध्रुवक फिती (पोलरायझर, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या) काढून एक खाली आणि एक वर, एकमेकींना काटकोनात धरावी. गार्नेट घन स्फटिकवर्गातला, म्हणजे सर्व दिशांनी सारखा असल्यामुळे तो या दोन फितींमध्ये कसाही फिरवला तरी काळाच राहतो. मात्र त्याच्या पोटातले क्वार्ट्‌झ, फेल्स्पार, ॲपटाइट, झिरकॉन हे कण उजळतात, अमावास्येच्या आकाशात तारे दिसावेत तसे. इतक्या साध्या साधनाने कणांचा नकाशा काढता येतो, ही सोय दुसऱ्या फार थोड्या खनिजांत आहे. कॅल्शियमयुक्त गार्नेट, जसे गोमेद म्हणून विकले जाणारे हेसोनाइट, कधीकधी स्वतःच फिके उजळतात; तो त्यांचा दोष समजावा, कण समजू नये.

या वेळी कणाच्या कडेबाहेर, खुद्द गार्नेटमध्ये उजळ वलय दिसते का ते विशेष पाहावे. काळ्या गार्नेटमध्ये असे फुलपाखरासारखे उजळ पंख दिसले तर कणाने सभोवतालच्या गार्नेटला ताण दिला आहे असे समजावे. हा ताण म्हणजे जुन्या दाबाची शिल्लक. त्याचा उपयोग पुढे येईल.

काप करणे

गंभीर कामासाठी खडकाचा पातळ काप करावा लागतो. नेहमीचा काप ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, परंतु कण गार्नेटच्या पोटात अखंड राहायला हवे असतील तर तो अपुरा आहे. अशा कामासाठी १०० ते २०० मायक्रॉनचा, दोन्ही बाजूंनी चकाकवलेला जाड काप करावा. कार्बोरंडमची भुकटी २२० नंबरपासून सुरू करून ४००, ६००, १००० अशी बारीक करत न्यावी, आणि शेवटी हिऱ्याच्या लेपाने चकाकी आणावी. प्रत्येक नंबरानंतर काप आणि काच दोन्ही धुवावीत, कारण भरड भुकटीचा एक दाणा राहिला तरी सगळा पृष्ठभाग ओरखडतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक अडचण हमखास येते. पारा ४२ अंशांवर गेला की दोन भागांचे एपॉक्सी डिंकासारखे मिश्रण सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी घट्ट होते आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. एका मे महिन्यात मी असेच केलेल्या कापात गोल, काळ्या कडेचे, सुंदर ठिपके पाहिले, रसाचे थेंब गवसले म्हणून दोन दिवस त्यांची चित्रे काढली, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की तसेच ठिपके गार्नेटच्या बाहेर, काचेवरच्या चिकटीतही आहेत. तेव्हापासून मिश्रण पहाटे करतो आणि कोणताही ठिपका नोंदवण्यापूर्वी सूक्ष्मदर्शक वरखाली करून तो काचेच्या पातळीवर आहे की गार्नेटच्या आत, हे तपासतो.

कणाची जागा आधी, नाव नंतर

या सगळ्या खटाटोपाचा गाभा एका शिस्तीत आहे: कण कोणत्या खनिजाचा आहे हे विचारण्यापूर्वी तो कुठे बसला आहे हे लिहावे. गार्नेट आतून बाहेर वाढतो, म्हणून गाभ्यातला कण आधी अडकला आणि कडेचा नंतर. त्यामुळे गार्नेटचा एक काप ही त्या रसात कोणते खनिज केव्हा हजर होते याची क्रमवार नोंद ठरते. उलट, जागा न लिहिता नुसती ‘क्वार्ट्‌झ, झिरकॉन, बायोटाइट’ अशी यादी केली तर ती किराणा मालाच्या यादीपेक्षा फारशी उपयोगाची नसते.

व्यवहारात असे करावे. कागदावर गार्नेटची बाह्यरेषा काढावी, मध्यबिंदू ठरवावा आणि गाभा, मधला पट्टा आणि कड अशी तीन वर्तुळे आखावीत. काप स्फटिकाच्या मधून गेला आहे की बाजूने, याचा अंदाज घ्यावा. बाजूने कापलेल्या स्फटिकात जे मध्यभागी दिसते ते खरे पाहता कडेचे असते, आणि ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. म्हणून एकाच खडकातले पाच-सहा गार्नेट पाहावेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या छेदावर विश्वास ठेवावा.

नंतर प्रत्येक कणाला एकच प्रश्न विचारावा: तू वाढीच्या वेळी अडकलास की नंतर घुसलास? जे कण भेगेच्या रेषेवर ओळीने बसले आहेत, किंवा ज्यांच्यापासून भेग थेट बाहेर जाते, ते नंतरचे किंवा बिघडलेले मानावेत. भरून आलेली जुनी भेग ध्रुवक फितींत दिसत नाही, पण साध्या प्रकाशात बारीक ठिपक्यांची वाकडी पडदी म्हणून दिसते. ती स्फटिकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाढीचे पट्टे ओलांडून जात असेल तर ती वाढीनंतरचीच. याउलट जे कण स्फटिकाच्या पैलूंना समांतर पट्ट्यांत मांडलेले आहेत, किंवा सुटे आणि भेगांपासून दूर आहेत, ते वाढीच्या वेळचे. गार्नेटमध्ये ठराविक दिशांनीच रांगेत बसलेल्या रुटाइलच्या सुया ही तिसरी गोष्ट आहे: त्या बाहेरून अडकलेल्या नसून बहुधा स्फटिक थंड होताना त्याच्या स्वतःच्या पोटातून वेगळ्या झालेल्या असतात. त्यांच्यामुळे तारांकित गार्नेटमध्ये चार किंवा सहा किरणांचा तारा दिसतो. वाढीच्या वेळच्या रसाबद्दल त्या थेट काही सांगत नाहीत.

नाव ओळखण्याची युक्ती

सूक्ष्मदर्शकाखाली कणाच्या कडेला एक तेजस्वी रेषा दिसते, तिला बेके रेषा म्हणतात. काप आणि भिंग यांतले अंतर वाढवले की ती जास्त प्रणमनांकाच्या बाजूला सरकते. गार्नेटचा प्रणमनांक मोठा असल्यामुळे क्वार्ट्‌झ, फेल्स्पार, बायोटाइट, ॲपटाइट आणि रसाची काच या सर्वांच्या कडेची रेषा बाहेर, गार्नेटकडे जाते. झिरकॉन आणि रुटाइल यांच्या बाबतीत ती कणाच्या आत जाते. एवढ्यावरच निम्मी विभागणी होते. त्यानंतर रंग, आकार आणि ध्रुवित प्रकाशातले रंग पाहावेत: बायोटाइट तपकिरी आणि फिरवल्यावर रंग बदलणारा, इल्मेनाइट अपारदर्शक, ॲपटाइट सहा कडांचा किंवा सुईसारखा, झिरकॉन आखूड चौकोनी खांबासारखा आणि भडक रंगांचा.

रसाचा थेंब ओळखणे मात्र कठीण. तो काच होऊन गोठला असेल तर गार्नेटसारखाच काळा राहतो आणि ध्रुवक फितींच्या तपासणीत निसटतो. त्याला साध्या प्रकाशातच, त्यातल्या आकसलेल्या बुडबुड्यावरून शोधावे लागते. संथ थंड झालेल्या खोल खडकांत हा थेंब आतल्या आत क्वार्ट्‌झ, फेल्स्पार आणि अभ्रक यांच्या अतिसूक्ष्म मिश्रणात बदलतो. केरळच्या खोंडलाइट पट्ट्यातल्या गार्नेटमध्ये असे थेंब २००९ मध्ये वर्णिले गेले आणि त्यांना ‘नॅनोग्रॅनाईट’ म्हटले जाऊ लागले. त्यांचा आकार बहुधा २५ मायक्रॉनपेक्षा लहान असतो. मानवी केसाच्या जाडीत असे तीन-चार थेंब सहज मावतील. खडक वितळत असताना जन्मलेला पहिला रस कसा होता याचा एवढा थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. म्हणून कश्मीर व्हाईटसारख्या दक्षिणेकडच्या खडकांचे तुकडे ओट्याच्या दुकानाबाहेर पडलेले दिसले की मला ते उचलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कणावरून परिस्थिती

गाभ्यात प्लॅजिओक्लेज नाही, मधल्या पट्ट्यापासून ते दिसू लागते, असे आढळले तर विचार करण्यासारखे आहे. जास्त दाब आणि रसात विरघळलेले भरपूर पाणी या दोन्हींमुळे प्लॅजिओक्लेज वाढायला उशीर होतो. म्हणून हा बदल रस वर सरकल्याचा, किंवा तो थंड होत गेल्याचा संकेत असू शकतो. हॉर्नब्लेंडच्या घडणीतच पाणी असते, म्हणून त्याचा कण असेल तर रसात पाणी होते हे नक्की. मात्र एखादे खनिज पोटात नाही म्हणजे ते रसातही नव्हते, असे एका गार्नेटवरून म्हणू नये. पाच-सहा गार्नेटमध्ये तीच अनुपस्थिती त्याच पट्ट्यात दिसली तरच ती पुरावा ठरते.

रुटाइल आणि इल्मेनाइट या टायटॅनियमच्या दोन ऑक्साइडांची जोडी उपयोगी आहे. सामान्यतः रुटाइल जास्त दाबाकडे झुकते आणि इल्मेनाइट कमी दाबाकडे. गाभ्यात रुटाइल आणि कडेला इल्मेनाइट हा क्रम दाब उतरल्याशी जुळतो. ॲपटाइटचा आकार वाढीचा वेग सुचवतो: आखूड, जाड खांब संथ वाढीचे आणि लांब, केसासारख्या सुया झटपट थंड होण्याच्या. झिरकॉनचा उपयोग तापमानासाठी होतो, कारण रसात झिर्कोनियम किती विरघळेल हे तापमानावर आणि रसाच्या घडणीवर अवलंबून असते. १९८३ मध्ये वॉटसन आणि हॅरिसन यांनी हा संबंध प्रयोगांनी मांडला. गार्नेटच्या गाभ्यातच रसातून वाढलेले झिरकॉन असेल तर गार्नेट वाढू लागला तेव्हाच रस झिर्कोनियमने भरला होता. पण झिरकॉन मूळ खडकातून वाचून आलेलेही असते आणि तेव्हा त्याचा गाभा झिजलेला, गोलसर दिसतो.

क्वार्ट्‌झचा दोन टोकांकडे निमुळता, षट्कोनी द्विसूचीसारखा कण दिसला तर तो उच्च तापमानाच्या रूपात वाढला होता; वातावरणाच्या दाबाखाली हे रूप ५७३ अंशांखाली टिकत नाही आणि थंड होताना आतली मांडणी बदलते, बाहेरचा आकार तसाच राहतो.

बायोटाइटच्या कणावर मात्र माझा विश्वास कमी आहे. गार्नेट आणि बायोटाइट यांच्यातल्या लोह-मॅग्नेशियमच्या वाटणीवरून तापमान काढण्याची पद्धत फेरी आणि स्पिअर यांनी १९७८ मध्ये दिली आणि ती अजून वापरली जाते. पण पोटात अडकलेला बायोटाइट थंड होतानाही भोवतालच्या गार्नेटशी देवाणघेवाण चालू ठेवतो, आणि मिळणारा आकडा वाढीच्या वेळचा नसून देवाणघेवाण थांबली त्या वेळचा असतो. कण जितका लहान तितकी ही फसगत मोठी.

दाब कसा निघतो

हरभरे तोंडापर्यंत भरलेली काचेची बरणी पाणी घालून झाकण घट्ट लावून ठेवली तर हरभरे फुगू पाहतात आणि बरणी त्यांना फुगू देत नाही. दाणे आपसांत दाबले जातात. गार्नेटमधल्या क्वार्ट्‌झचे असेच होते. खोलवर, मोठ्या दाबाखाली क्वार्ट्‌झचा कण गार्नेटमध्ये बरोबर मावला. पुढे खडक वर आला, बाहेरचा दाब गेला. क्वार्ट्‌झ मऊ असल्यामुळे त्याला बरेच प्रसरण पावायचे असते, गार्नेट त्याच्या चौपटीहून अधिक ताठ असल्यामुळे फारसा हलत नाही, आणि क्वार्ट्‌झ कायमचा दाबलेला राहतो. मघा दिसलेले उजळ वलय यातूनच येते. हे वलय मोजून मूळचा दाब काढता येईल, हा विचार रोझेनफेल्ड आणि चेस यांनी १९६१ मध्ये मांडला.

आज ही शिल्लक रामन वर्णपटाने मोजतात: कणावर लेसरचा प्रकाश पाडून विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांच्या जागा पाहतात. मोकळ्या क्वार्ट्‌झची मुख्य रेषा प्रति सेंटिमीटर ४६४ वर असते आणि १ गिगापास्कल (१० किलोबार) दाबाला ती साधारण ९ एककांनी वर सरकते. पोटातल्या कणाची रेषा वर सरकलेली मिळाली तर तो दाबलेला आहे; खाली सरकली असेल तर तो ताणलेला आहे, आणि कमी दाब पण जास्त तापमान असलेल्या रसात हेच अपेक्षित असते, कारण थंड होताना क्वार्ट्‌झ गार्नेटपेक्षा जास्त आकसतो. उथळ ग्रॅनाईटमधल्या गार्नेटमध्ये खाली सरकलेली रेषा पाहून यंत्र बिघडले असे समजू नये.

येथे एक गफलत टाळावी. रामनने मिळतो तो आज उरलेला दाब. अडकण्याच्या वेळचा दाब काढण्यासाठी दोन्ही खनिजांची लवचीकता आणि तापमान धरून गणित करावे लागते, आणि उत्तर एका आकड्यात न येता दाब-तापमानाच्या आलेखावर एका रेषेच्या रूपात येते. झिरकॉन ताठ असून तापाने फार कमी फुगतो, म्हणून त्याची रेषा वेगळ्या उताराची असते आणि तापमानाला जास्त संवेदनशील. एकाच पट्ट्यातल्या क्वार्ट्‌झ आणि झिरकॉन यांच्या रेषा जिथे छेदतात तो बिंदू हा त्या पट्ट्याच्या वाढीचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज. हे मोजमाप घेताना कण गोलसर असावा, भेगेपासून दूर असावा आणि कापाच्या पृष्ठभागापासून निदान त्याच्या त्रिज्येच्या दोन-तीनपट आत असावा. घासताना कण पृष्ठभागाजवळ आला की दाब निसटतो. जाड काप का करायचा, त्याचे उत्तर इथे आहे. रसाच्या तापमानात दीर्घकाळ राहिलेला गार्नेट स्वतःही थोडा नमतो आणि शिल्लक कमी दाखवतो, त्यामुळे शिलारसातल्या गार्नेटसाठी हा आकडा अंतिम न मानता किमान मानणे बरे.

आकडा मिळाला की ताळा घ्यावा. ग्रीन आणि रिंगवुड यांच्या १९६८ च्या प्रयोगांत अँडेसाइट या ज्वालामुखी खडकासारख्या रसातून अल्मंडाइनप्रधान गार्नेट सुमारे ९ ते १८ किलोबार (१ किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास हजारपट) दाबाला वाढला, तर मँगनीज जास्त असेल तर गार्नेट खूप कमी दाबालाही टिकतो हे नंतर दिसले. म्हणून मँगनीजने समृद्ध पेग्मटाइटी गार्नेटमधून मोठा दाब निघाला तर कणाची निवड पुन्हा तपासावी. दाबाचे खोलीत रूपांतर करताना दर किलोबारला साधारण ३.७ किलोमीटर धरावेत. ७ किलोबार म्हणजे जवळपास २६ किलोमीटर.

नोंद कशी लिहावी

नोंद एका पानात मावावी. समजा, ग्रॅनाईटमधला ४ मिलिमीटरचा एक गार्नेट आहे. त्याच्या गाभ्यात गोलसर क्वार्ट्‌झचे ६ कण, झिरकॉनचे २ आणि रुटाइलचा १ आढळला. मधल्या पट्ट्यात प्लॅजिओक्लेज सुरू झाले. कडेला इल्मेनाइट आणि सुईसारखे ॲपटाइट आले. एका भेगेवर क्लोराइट आहे. तर पहिल्या ओळीत छेद मधून गेला आहे का ते लिहावे, मग पट्ट्यानुसार कण, त्यांची संख्या आणि आकार, मग भेगेवरचे क्लोराइट ‘नंतरचे, गणनेत नाही’ असा शेरा. अर्थ वेगळ्या रंगाच्या शाईने, समासात लिहावा: गाभा जास्त दाबाचा असण्याची शक्यता, कडेजवळ दाब उतरला आणि वाढ वेगाने झाली, गाभ्यातले क्वार्ट्‌झ क्रमांक २ आणि ५ तसेच झिरकॉन क्रमांक १ भेगांपासून दूर, रामनसाठी योग्य. या तीन कणांचे कापावरचे स्थान शाईच्या बारीक वर्तुळाने काचेच्या मागच्या बाजूवर खुणवावे, कारण प्रयोगशाळेत यंत्राची वेळ तासावर मिळते आणि तिथे कण शोधत बसलो तर मोजायला वेळ उरत नाही.